स्प्लेंडरचे इंजिन घरी उघडायचे, पण कुठपर्यंत?

कराडच्या एका गाडीमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे वडिलांची २००९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे आणि पंधरा वर्षे पुरी झाल्यावर तिची पुनर्नोंदणीही त्यांनी करून घेतली आहे. गेले काही महिने गाडी निळा धूर मारते, दर पंधरवड्याला ऑइल भरावे लागते आणि चढावर ओढ राहिलेली नाही. एका गॅरेजने ‘फुल इंजिन करावे लागेल’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘हाफमध्ये भागेल’ असे सांगितले. त्यांच्याकडे पान्यांचा संच, पत्र्याची बंदिस्त शेड आणि सुट्टीचे दिवस आहेत. इंजिन घरी स्वतः उघडावे का, आणि उघडले तर कसे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

दुचाकींची इंजिने उघडणे आणि बांधणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे इंजिन उघडणे अवघड नाही. ज्याला पाना नीट धरता येतो आणि घाई नाही, असा कोणीही माणूस हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आणि ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर) उतरवू शकतो. खरा प्रश्न आहे तो दोष वरच्या अर्ध्या भागात आहे की खालच्या, हे उघडण्यापूर्वी ओळखण्याचा, आणि उघडल्यानंतर झीज मापाने ठरवण्याचा. दोन गॅरेजवाल्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली याचे कारण बहुधा हेच की दोघांपैकी कोणीच काही मोजले नव्हते. ‘हाफ’ म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह, तर ‘फुल’ म्हणजे त्याशिवाय क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा), बेअरिंगा आणि गिअरबॉक्स. पहिले काम घरी होऊ शकते. दुसऱ्यासाठी मॅग्नेट पुलर, क्लचच्या नटाचा खास पाना आणि पुढे हायड्रॉलिक प्रेस लागते, आणि तिथे घरी थांबावे असे माझे ठाम मत आहे.

पाना हातात घेण्यापूर्वी धुराकडे नीट लक्ष द्या. धूर निळाच आहे ना, याची दिवसाउजेडी खात्री करा, कारण काळा धूर हा कार्ब्युरेटर किंवा एअर फिल्टरचा दोष असतो आणि त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते. ऑइल पातळीच्या खुणेपेक्षा जास्त भरलेले नाही ना, आणि ब्रीदरची (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) नळी दबलेली किंवा चोंदलेली नाही ना, हेही पाहा. त्यानंतर धूर केव्हा येतो ते टिपून ठेवा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच भपकन धूर येऊन नंतर कमी होत असेल, किंवा कुंभार्ली घाट उतरताना बराच वेळ थ्रॉटल बंद ठेवून खाली येऊन पुन्हा थ्रॉटल दिल्यावर मागे निळा पट्टा दिसत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर आणि गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीवर) जातो. थ्रॉटल बंद असताना इनलेटमध्ये निर्वात तयार होतो आणि झिजलेल्या सीलमधून ऑइल आत ओढले जाते. उलट, चढावर, दोन माणसे बसलेली असताना, थ्रॉटल जास्त दिला की धूर वाढत असेल, तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजले असण्याची शक्यता अधिक असते. तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे ओढ कमी होणे आणि ऑइल सतत घटणे, दुसऱ्या प्रकाराकडे झुकतात. तरीही एवढ्या जुन्या गाडीत दोन्ही दोष एकत्र असणे अगदी सामान्य आहे.

याची पडताळणी कॉम्प्रेशन गेजने करावी. या इंजिनाच्या प्लगचे आटे १० मिलिमीटरचे असतात, म्हणून गेज घेताना त्या मापाचा जोड आहे ना ते पाहून घ्या. इंजिन गरम असावे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत सलग किका माराव्यात. आलेला आकडा लिहून ठेवावा. मग प्लगच्या भोकातून एक चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून हीच चाचणी पुन्हा करावी. आकडा चांगला वाढला, तर गळती रिंगांच्या बाजूने आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा जवळजवळ तसाच राहिला, तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या पॅकिंगमधून आहे. स्प्लेंडरचे सिलिंडर जवळजवळ आडवे असल्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचते. त्यामुळे ऑइल सोडल्यावर आधी गेज न लावता चार-सहा किका मारून ते पसरू द्यावे, नाहीतर ही चाचणी फसवते.

खालच्या भागाची खबर आवाज देतो. डोक्याकडून येणारी हलकी टकटक टॅपेटची किंवा रॉकरची (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांची) असते आणि डाव्या बाजूची खरखर बहुधा टायमिंग चेनची असते. पण थ्रॉटल दिल्यावर पोटातून येणारा जड ठोका, आणि तो पायदानात जाणवत असेल तर विशेषतः, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा समजावा. सतत घुमणारा आवाज क्रँकच्या बेअरिंगचा असतो. असा आवाज असेल तर ‘फुल’ म्हणणारे गॅरेज बरोबर आहे आणि वरचा भाग नवा करून काहीही साधणार नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. रोज कामावर जायला हीच एक गाडी असेल तर घरी काम सुरू करू नका, कारण ब्लॉक बोअरिंगसाठी (बोअर कापून मोठे करायला) लेथवर गेला की परत कधी मिळेल हे तुमच्या हातात नसते. कराडहून कोल्हापूर जवळ आहे आणि तिथल्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगचे काम चांगले होते. सुटे भाग कराडात मिळाले नाहीत तर पुण्याच्या नाना पेठेत मिळतील, मात्र पिस्टन संच नामांकित बनावटीचा आणि पावतीसह घ्यावा. तुमच्या संचात गोट्यांचे पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा स्क्रू ड्रायव्हर) आहे का ते पाहा. शेवटची वस्तू अनेकजण अनावश्यक समजतात, पण जुन्या स्प्लेंडरच्या कव्हरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू वर्षानुवर्षे ॲल्युमिनियममध्ये आवळून बसलेले असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी गोल होतात आणि मग ते ड्रिलने काढण्याची वेळ येते. आणखी एक गोष्ट म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल. आवळण्याचे टॉर्क, टॅपेटची फट आणि झिजेच्या मर्यादा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्याव्यात, ऐकीव आकड्यांवर जाऊ नये.

कोणी ‘त्यापेक्षा जुन्या बाजारातले आख्खे इंजिन टाका’ असे सुचवले, तर ते टाळा. इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. हेड आणि ब्लॉक बदलला तर कागदपत्रांना धक्का लागत नाही, पण क्रँककेस बदलली की आरसीवरचा नंबर जुळत नाही आणि आरटीओत रीतसर नोंद केल्याशिवाय ती गाडी चालवणे बेकायदा ठरते.

इंजिन फ्रेममधून खाली उतरवूनच काम करावे असे मी सुचवेन. माउंटिंगचे बोल्ट, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, चेन आणि वायरी सोडल्या की ते निघते. उचलायला एक माणूस मदतीला घ्या. उघडण्यापूर्वी बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडे करा, कारण फिनांमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांमधली) माती आत गेली तर नव्या रिंगांचे आयुष्य तिथेच कमी होते.

डाव्या बाजूचे कव्हर काढल्यावर मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या) नटावर पाना लावून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. त्याच वेळी कॅमच्या (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या दांड्याच्या) गरारीवरची ‘ओ’ खूण हेडवरच्या खाचेसमोर आली पाहिजे आणि दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. या स्थितीचा फोटो काढा. टायमिंग चेन गरारीवरून उतरवताना तिला तारेचा आकडा लावून बाहेर बांधून ठेवा, म्हणजे ती आत घसरणार नाही. हेडचे चार नट एकदम एक-एक पूर्ण न काढता आडवे-तिरपे थोडेथोडे सैल करावेत. कोणत्या स्टडवर टोपीचा नट होता, कोणावर साधा, आणि तांब्याचे वायसर कुठे होते, हे कागदावर चार गोल काढून लिहून ठेवा. या रचनेच्या इंजिनात हेडकडे जाणारे ऑइल एका स्टडच्या भोकातून वर चढते, आणि वायसरची अदलाबदल झाली तर तिथूनच ऑइल पाझरत राहते. हेड चिकटून बसले असेल तर नायलॉनच्या हातोडीने बाजूने ठोका. दोन पृष्ठभागांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कारण त्या एका ओरखड्यातून पुढे कायम गळती होते.

ब्लॉक ओढून काढला की पिस्टन मोकळा दिसतो. त्याच्या पिनची (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या दांडीची) लॉक काढण्यापूर्वी क्रँककेसचे तोंड स्वच्छ कापडाने पूर्ण बुजवा. ते लॉक तारेचे असते आणि पक्कडीतून उडते. ते खाली केसमध्ये पडले तर जे खालचे अर्धे इंजिन उघडायचे नव्हते तेच उघडावे लागते.

कापड बुजवण्याआधी कनेक्टिंग रॉडची परीक्षा मात्र करून घ्या. पिस्टन वरच्या टोकाला असताना रॉड दोन्ही हातांनी धरून सिलिंडरच्या दिशेने सरळ आत-बाहेर ओढा. या दिशेने कणभरही ढिलाई जाणवता कामा नये. डावी-उजवीकडे थोडे सरकणे मात्र स्वाभाविक आहे, कारण ती फट मुद्दाम ठेवलेली असते. त्या सरकण्याला घाबरून अनेकांनी चांगले क्रँक उघडायला लावल्याचे मी पाहिले आहे. सरळ दिशेने ठोका लागला, तर मात्र तिथेच थांबा, सगळे भाग डब्यांत नावे घालून भरा आणि इंजिन चांगल्या कारागिराकडे न्या. या इंजिनाचे क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचे असते. रॉड बदलायचा म्हणजे ते प्रेसवर उघडणे, पुन्हा दाबणे आणि डायल गेज लावून शतांश मिलिमीटरमध्ये सरळ करणे आले. हे काम घरात होत नाही.

रॉड चांगला निघाला, तर आता कामाचा गाभा येतो, तो म्हणजे बोअरचे माप. मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणून इंजिन ९७.२ सीसीचे. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह असते आणि झिजते ती स्लीव्ह. झीज सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, म्हणजे हेडच्या बाजूला, ती सर्वांत जास्त असते, कारण तिथे उष्णता आणि दाब जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. शिवाय पिनशी काटकोनात असलेल्या दिशेत, जिकडे पिस्टन भिंतीवर रेलतो, तिकडे ती अधिक होते. बोट फिरवल्यावर वरच्या कडेला नखाला पायरी लागली तर झीज भरपूर आहे असे समजा.

बोअर गेज तुमच्याकडे नसेल, पण एका नव्या रिंगेच्या मदतीने घरी पुरेसे माप काढता येते. नवी मूळ मापाची वरची रिंग बोअरमध्ये घाला आणि पिस्टनच्या माथ्याने ढकलून ती अगदी सरळ बसवा. आधी ती बोअरच्या खालच्या टोकाला न्या, जिथे रिंगा पोहोचत नाहीत आणि म्हणून झीज जवळजवळ नसते. तिथे रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. मग ती वर, सर्वांत झिजलेल्या जागी आणून पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधल्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक मिळतो. उदाहरणार्थ, खाली फट ०.१५ मिलिमीटर आणि वर ०.४५ आली, तर फरक ०.३०, म्हणजे बोअर वरच्या बाजूला सुमारे ०.१० मिलिमीटरने मोठे झाले आहे. एवढी झीज झालेल्या बोअरमध्ये मी नुसत्या नव्या रिंगा घालत नाही. खाली अरुंद आणि वर रुंद अशा भिंतीवर रिंग प्रत्येक फेरीत उघडते आणि मिटते, ऑइल वर जात राहते, आणि थोड्याच महिन्यांत धूर परत येतो. ग्राहक मग रिंगांना दोष देतो, जेव्हा दोष बोअरचा असतो. फरक अगदी थोडा असेल, पिस्टनवर उभे ओरखडे नसतील आणि त्याचे माप मर्यादेत असेल, तरच हलके होनिंग करून (भिंत दगडाने घासून) नव्या रिंगांवर भागवावे.

बोअर मारायचे ठरले, तर पिस्टन संच आधी विकत घ्यावा आणि तो ब्लॉकसोबत लेथवाल्याकडे द्यावा. मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन ०.२५ मिलिमीटरपासून ०.२५ च्या पायऱ्यांनी मिळतो. झीज काढून टाकायला जी सर्वांत लहान पायरी पुरेल तीच निवडावी, कारण पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहतो. ‘५०.२५ मारून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असे सांगू नये. पिस्टन आणि भिंतीमधली फट शतांशांत असते आणि ती हातातला पिस्टन मोजूनच ठेवली जाते. ब्लॉक परत घेताना बोअरमध्ये होनिंगच्या एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात ना ते पाहा. आरशासारखे गुळगुळीत बोअर ऑइल धरत नाही आणि नव्या रिंगा त्यात बसत नाहीत.

हेडचे काम तुलनेने सरळ आहे. व्हॉल्व्ह काढा, कार्बन लाकडी किंवा पितळी खरडणीने काढा, सील दोन्ही नवी घाला. व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून आडवा हलवून पाहा. स्पष्ट हलत असेल तर गाइड बदलणे लेथचे काम आहे आणि सील बदलून ते टाळता येत नाही. सीट ग्राइंडिंग पेस्टने सगळीकडे सारखी राखाडी पट्टी दिसेपर्यंत घासा, पेस्ट पूर्ण धुवा, स्प्रिंगा लावा आणि पोर्टमध्ये थोडे डिझेल ओतून काही मिनिटे थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने ओल आली नाही, तर काम झाले. कॅमच्या उंचवट्यांवर आणि रॉकरच्या तोंडावर खड्डे दिसले तर दोन्ही एकत्र बदलावेत.

इंजिन हातात आहे तोवर उजव्या बाजूचे कव्हर काढून क्रँकच्या टोकावरचा फिरता ऑइल फिल्टर आणि खालची जाळी साफ करा. फिल्टरच्या आतल्या भिंतीवर काळा घट्ट थर साचलेला असतो. त्यात चमकणारे कण किती आहेत ते बोटाने चोळून पाहा. थोडी राखाडी चमक जुन्या इंजिनात असते, पण खपल्या असतील तर खालच्या भागाविषयी पुन्हा विचार करावा.

बांधणीतली सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे धुणे. होनिंगचे दगडाचे कण बोअरच्या रेषांत अडकलेले असतात आणि रॉकेल किंवा पेट्रोलने ते निघत नाहीत. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ताठ ब्रश यांनी ब्लॉक पुन्हा पुन्हा धुवावा, आणि पांढरे कापड फिरवल्यावर ते पांढरेच राहीपर्यंत थांबू नये. मग लगेच कोरडा करून ऑइल लावावे, कारण बिडावर तासाभरात गंज धरू लागतो. हे न करता बसवलेला पिस्टन म्हणजे पॉलिश पेपरवर चालवलेला पिस्टन.

रिंगांवरची खूण वरच्या बाजूला, त्यांची तोंडे एकमेकांपासून सुमारे १२० अंशांवर, पिस्टनवरची ‘इन’ खूण इनलेटकडे, लॉक नवीच आणि त्यांचे तोंड पिस्टनच्या खाचेसमोर न येईल असे, एवढे सांभाळावे. पॅकिंग सर्व नवी घाला, हेडच्या पॅकिंगला कोणतेही सीलंट लावू नका आणि डॉवेल (भागांची जागा पक्की करणाऱ्या छोट्या नळ्या) व ओ-रिंग परत जागेवर गेल्या ना ते मोजून पाहा. हेडचे नट आडवे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. टायमिंगच्या दोन्ही खुणा जुळवल्यावर चेनचा ताण आल्यानंतर त्या पुन्हा पाहा, कारण ताण येताना गरारी एका दाताने सरकलेली असू शकते. त्यानंतर प्लग न लावता पान्याने क्रँक सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडकले तर जोर लावू नका, कारण व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते. टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावावी.

ऑइल १० डब्ल्यू ३० आणि जासो एमए (ऑइलमधल्या क्लचसाठीचे जपानी मानक) दर्जाचे घ्या. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीसाठीच्या ऑइलमधल्या घसरण वाढवणाऱ्या घटकांमुळे तो घसरू शकतो. कॅमवर हाताने ऑइल सोडा, इग्निशन बंद ठेवून, प्लग काढलेल्या स्थितीत बऱ्याच किका मारा, म्हणजे ऑइल वर चढेल. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे बांधणीच्या वेळी लावलेले ऑइल जळून धूर येईल, त्याने घाबरू नका.

गाडी जागेवर उभी ठेवून तासन्‌तास चालू ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्या. रिंगा बोअरवर बसतात त्या दाबाने, आणि तो दाब रस्त्यावर, मध्यम ओझ्यावर, वेग कमी-जास्त करत चालवल्यावरच मिळतो. पहिले ५०० किलोमीटर थ्रॉटल पूर्ण उघडू नका, एकाच वेगाने लांब पल्ला गाठू नका, घाटात दोघांनी जाऊ नका. त्यानंतर ऑइल गरम असताना काढा, ते पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात पाहा आणि फिल्टरची जाळी पुन्हा धुवा. इंजिन रात्रभर थंड होऊ दिल्यावर टॅपेट परत तपासा, कारण नव्याने घासलेल्या सीट थोड्या बसतात आणि फट कमी होते. तेव्हा कॉम्प्रेशनचा आकडाही पुन्हा घ्या आणि उघडण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या आकड्याशेजारी लिहा.